राऊटर डावीकडे का पळाला?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा: तुम्ही ऐरोलीत राहता, नोकरी आयटीत, सुतारकामाचा अनुभव रेडिमेड टेबलाचे स्क्रू आवळण्यापुरता. घणसोलीत गाळा बंद करणाऱ्या एका फर्निचरवाल्याकडून तुम्ही अर्धा इंची दांड्याची बिटं घेणारा प्लंज राऊटर, म्हणजे खाली दाबून लाकडात उतरवायचं, खोबणी आणि कडा कापायचं मशीन, साडेतीन हजारांना उचललात. सोबत बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पंधरा-वीस बिटं, म्हणजे मशीनची कापणारी पाती, आणि नट आवळायचे दोन पाने. माहितीपुस्तक नाही, मशीन कडेला समांतर चालवायचा साइड गाईड नाही. चालू करताच मशीन हातात उसळलं. फळीच्या कडेनं फिरवायला गेलात तर डावीकडे पळालं, आणि जिथे पळालं नाही तिथे फळी काळी पडली. आता ते पलंगाखाली आहे. तुम्ही विचारलंय, "मशीन खराब आहे की मी?" आणि पुढे, "पुस्तकांचं कपाट करायचंय, कुठून सुरुवात करू?"

तुम्ही सांगितलेल्या तिन्ही गोष्टी नवा कोरा राऊटरसुद्धा करतो. त्यामुळे एवढ्यावरून मशीन खराब म्हणता येत नाही, आणि तुम्हालाही म्हणता येत नाही. माझा वागळे इस्टेटला छोटा गाळा आहे. वडील पॅटर्नमेकर होते, म्हणजे ओतकामासाठी लाकडाचे साचे करायचे. मी फर्निचरकडे वळलो. राऊटर हातात येऊन सव्वीस वर्षं झाली आणि दहाही बोटं जागेवर आहेत, एवढ्या भांडवलावर हे उत्तर लिहितोय.

आधी उसळण्याचं. या वर्गातली जुनी मशीन साधारण सोळाशे वॉटची, सहा किलोच्या आसपास वजनाची आणि एकाच वेगाची असतात, मिनिटाला २२,००० फेरे. हळूहळू वेग घेण्याची सोय त्यांत नसते. बटण दाबलं की आतला आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरता गाभा, क्षणात शून्यावरून पूर्ण वेगात जातो आणि बाहेरचं धूड उलट्या बाजूला झटका खातं. तो झटका तेवढाच. मूठ घट्ट, पाय रोवलेले आणि बिट लाकडापासून लांब असलं की दुसऱ्या आठवड्यात त्याची सवय होते. फक्त एक बघा: अशा मशीनच्या बटणाला चालू ठेवायचा खटका असतो. जुन्या मालकानं तो दाबलेला ठेवला असेल तर तुम्ही प्लग लावताच मशीन टेबलावरून उडी मारेल. प्लग लावण्याआधी तो खटका मोकळा आहे ना, हे बोटानं तपासायचं. नुसतं बघून भागत नाही.

जळण्याचं गणित सोपं आहे. २२,००० फेरे म्हणजे सेकंदाला ३६६. बिटाला दोन धारा असतील तर सेकंदाला सातशेहून जास्त घाव. तुम्ही घाबरून मशीन अर्धा सेकंद एका जागी थांबवलंत तर तेवढ्याच लाकडावर साडेतीनशे वेळा धार घासली. कापायला नवं लाकूड नाही, मग ती नुसती तापते. वर बिट बोथट असेल आणि त्यावर जुन्या गोंदाचा थर असेल तर काळं पडणारच. नवशिक्याला वाटतं हळू चालवणं म्हणजे सुरक्षित. राऊटरमध्ये हळू म्हणजे थोडं थोडं खोल, पण पुढे सरकताना न थांबता. पळण्याचं खाली सविस्तर लिहितो, कारण तिथेच खरी गोम आहे.

माझ्या मते तुमचा प्रश्न चालवण्याचा नाहीच, धरण्याचा आहे. रंधा लाकडावर टेकलेला असतो, करवतीला तिनेच पाडलेली फट वाट दाखवते. राऊटरला स्वतःची वाट नसते. त्याच्याकडे बळ आहे आणि दिशा अजिबात नाही. म्हणून इथे तीन गोष्टी धरलेल्या लागतात: कॉलेटनं (बिट आवळणाऱ्या नळीनं) बिट धरलेलं, शिकंज्यानं फळी धरलेली, आणि पट्टीनं किंवा बिटावरच्या बेअरिंगनं मशीनची वाट धरलेली. तुमचे हात फक्त ढकलतात. माझ्या गाळ्यात जेवढी कामं बिघडली आणि जेवढ्या वेळा छातीत धस्स झालं, तेवढ्या वेळा या तिघांपैकी एकानं सोडलेलं होतं.

सेकंडहँड मशीनमध्ये सगळ्यात जास्त शंका घ्यायची ती कॉलेटवर. लोक मोटरचा आवाज ऐकतात, बॉडीवरचे ओरखडे बघतात. मोटर दुरुस्त होते. कॉलेट म्हणजे नटाच्या आतली ती चिरलेली नळी, जी बिटाचा दांडा आवळते. ती झिजली की बाहेरून काही दिसत नाही आणि ऐन कामात बिट सरकतं. नट पूर्ण सोडवून कॉलेट बाहेर काढा. जुन्या टूथब्रशनं आणि थोड्या रॉकेलनं आतला चिकट भुसा साफ करा, कोरडी करा, मग उजेडात धरून आत बघा. तोंडाशी घेर पसरलेला, आत वळ उठलेले, चिरा एकसारख्या नाहीत, असं काहीही दिसलं तर ती कॉलेट कचऱ्यात. दुसरी साक्ष बिटांची. डब्यातल्या बिटांचे दांडे बोटावर फिरवून पाहा. दांड्यावर काळपट-तपकिरी कडी उमटली असेल तर ते बिट कधीतरी कॉलेटमध्ये घसरून फिरलंय.

मग दांडे मोजा. त्यासाठी डिजिटल व्हर्निअर घ्या, या छंदात तो पुढे रोज लागेल. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. आपल्या बाजारात १२ मिलिमीटर दांड्याची बिटंही सर्रास मिळतात आणि एकाच डब्यात दोन्ही सापडतात. तसंच पाव इंच म्हणजे ६.३५, आणि शेजारी ६ ची. डोळ्याला फरक कळत नाही. १२ चं बिट १२.७ च्या कॉलेटमध्ये जातं, नट आवळला की धरल्यासारखंही वाटतं. पण कॉलेट दांड्याला सगळीकडून न लागता दोन-तीन रेषांवर चावलेली असते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझं तिसरं की चौथं वर्ष. एका ग्राहकाच्या सागाच्या दाराला मधोमध उभी खोबण पाडायची होती, दहा मिलिमीटर खोल. घाईत ६ चं बिट पाव इंची कॉलेटमध्ये घातलं. पहिला हात छान गेला. दुसऱ्या हाताला आवाज किंचित जड झाला, मला वाटलं गाठ आली असेल. दार उलटं केलं तर मागून बोटभर लांबीची बारीक फट दिसली, तिच्यातून ट्यूबलाइटचा उजेड येत होता. बिट सरकत सरकत खाली उतरलं होतं आणि दारातून आरपार निघालं होतं. दाराची एक फळी बदलून दिली, खिशातून. त्या दिवसापासून गाळ्यात ६ आणि पाव इंच वेगवेगळ्या डब्यांत असतात, आणि ६ च्या दांड्यांना लाल नेलपॉलिशचा ठिपका असतो. नेलपॉलिश बायकोचं.

बिट बसवायची रीत अशी: प्लग काढा आणि तो तुमच्या नजरेसमोर ठेवा. बिट पूर्ण आत टेकवा, मग दोन-तीन मिलिमीटर वर उचला आणि आवळा. तळाला टेकवून आवळलं तर नट फिरताना कॉलेट बिटाला खाली ओढू बघते, खाली जागा नसते, आणि पकड खोटी बसते. दांडा निदान वीस मिलिमीटर आत हवा. पान्याला पाइप लावून जोर काढायचा नाही. आणि बिटाशिवाय नट कधी आवळून ठेवायचा नाही, रिकामी कॉलेट चिमटून वाकडी होते. सोडवताना अनेक मशीनमध्ये नट एकदा सैल होतो, थोडा फिरतो आणि पुन्हा अडतो. नवे लोक इथे हातोडी घेतात. ती दुसरी अडचण मुद्दाम ठेवलेली असते: तिथे पुन्हा जोर लावला की नट कॉलेटला बाहेर खेचतो आणि बिट सुटतं.

कॉलेट बदलावी लागलीच तर मशीनचा मॉडेल नंबर घेऊन जा आणि त्याच मॉडेलची घ्या, "बसेल साहेब" वर जाऊ नका. ठाण्यात मिळाली नाही तर मुंबईत नागदेवी स्ट्रीट किंवा अब्दुल रहमान स्ट्रीट. ऐरोलीहून ठाणे, तिथून स्लो लोकल पकडा, मशीद बंदर स्टेशनला फास्ट थांबत नाही. जाताना कॉलेट आणि नट दोन्ही खिशात न्या.

बाकी मशीन पटकन तपासून होतं. स्पिंडल, म्हणजे कॉलेट ज्यात बसते तो फिरता दांडा, चिमटीत धरून आडवं हलवा. कटकट जाणवली तर बेअरिंग गेलंय. हातानं फिरवल्यावर वाळूत फिरल्यासारखी खरखर आली तरी तेच. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, त्या नंबरचं नवं मिळतं, मोठं काम नाही. कार्बन ब्रश, म्हणजे फिरत्या आर्मेचरला वीज पोचवणारे दोन कोळशाचे तुकडे, बाजूच्या दोन टोप्या उघडून बाहेर काढा. पाच-सहा मिलिमीटरच उरले असतील तर जोडी बदला, एकच कधी नाही. चालू असताना फटीतून बारीक निळ्या ठिणग्या दिसल्या तर चालेल. गोल आगीचं कडं फिरताना दिसलं आणि जळका वास आला तर बंद करा. आर्मेचर वाइंडिंगवाल्याला दाखवा आणि तो सांगेल तो खर्च साडेतीन हजारांत मिळवून मग ठरवा ठेवायचं की नाही. वायर मुठीपाशी, जिथे ती वाकते तिथे, सोललेली नाही ना बघा. प्लंजचे दोन खांब पुसून त्यांना मेण चोळा. ग्रीस लावू नका, भुसा धरून खांब अडकतात. आणि प्लंजचा लॉक आवळून, प्लग काढलेला असताना, वजन टाकून दाबा. लॉक सरकला तर ते मशीन अजून लाकडाला लावायचं नाही.

डब्यातल्या बिटांपैकी बहुतेक टाकून द्यावी लागतील, वाईट वाटून घेऊ नका. प्लायचा गोंद धार खातो, त्यामुळे साध्या एचएसएसच्या (हायस्पीड स्टीलच्या) बिटांचा प्लायवर फार उपयोग नाही. टोकाला राखाडी कार्बाइडचा तुकडा डाखलेला असतो ती टीसीटी. त्यांच्या धारेवर नख आडवं फिरवा. नख अडकलं तर धारेचा कपचा उडालाय. सरळ १२ मिलिमीटरचं दोन धारांचं एक, बेअरिंगचं सहा मिलिमीटर गोलाईचं एक आणि बेअरिंगचं सरळ कटाचं एक, एवढ्या तिघांवर वर्ष निघतं. तुमच्या डब्यात वाटीएवढं रुंद, दाराच्या दिल्ह्यांचे कंगोरे काढायचं बिट असण्याची दाट शक्यता आहे. फर्निचरवाल्याच्या डब्यात ते असतंच. ते आज कपाटात वर टाका. २२,००० फेऱ्यांना १२ मिलिमीटरच्या बिटाची धार ताशी पन्नास किलोमीटरनं धावते. पन्नास मिलिमीटरचं बिट लावलंत तर तीच धार ताशी दोनशेच्या वर जाते. एवढ्या मोठ्या बिटांना वेग कमी करता येणारं मशीन लागतं, तुमचं तसं नसावं. आणि पंख्याचा रेग्युलेटर जोडायची कल्पना कोणी सुचवली तर हसून सोडून द्या.

आता पळण्याचं. राऊटर हातात धरून वरून पाहिलं तर बिट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतं. फळीची कड तुमच्या पोटाकडे आहे आणि तुम्ही मशीन त्या कडेवर ठेवलंय, असं डोळ्यांसमोर आणा. लाकडात शिरलेली बिटाची बाजू पलीकडची, आणि ती डावीकडून उजवीकडे चाललीय. ती लाकडाला उजवीकडे ढकलते, लाकूड तिला डावीकडे ढकलतं. म्हणून तुम्ही डावीकडून उजवीकडे गेलात तर लाकूड विरोध करतं, हाताला एकसारखा दाब लागतो आणि मशीन ताब्यात राहतं. उजवीकडून डावीकडे गेलात तर लाकडाचा धक्का आणि तुमचा धक्का एकाच दिशेला. बिट चाकासारखं कडेवरून धावत सुटतं. तुमचं तेच झालं. तुम्ही डावीकडे निघाला होतात.

वडील हे एका वाक्यात सांगायचे: फळीला उलटी प्रदक्षिणा, चौकटीला आतून सुलटी. देवळात देव उजव्या हाताला ठेवतो, इथे फळी डाव्या हाताला. बाहेरच्या चारही कडा करताना उलटं फिरायचं, आणि खिडकीसारख्या भोकाच्या आतल्या कडा करताना सरळ प्रदक्षिणेच्या दिशेनं. तरी गोंधळ झाला तर उजवा हात पालथा धरा, अंगठा लाकडाकडे. तर्जनी जिकडे दाखवते तिकडे मशीन न्यायचं. मी अजूनही अवघड जागी मशीन बंद ठेवून हवेत हात धरून बघतो. पोरं हसतात, हसू देत.

चारही कडा करायच्या असतील तर आधी टोकाच्या दोन आडव्या कडा करा, जिथे लाकडाच्या रेषा संपतात. तिथे शेवटच्या कोपऱ्यावर ढलपी निघतेच. नंतर लांब कडा केल्या की ती ढलपी आपोआप साफ होते. हा क्रम उलटा केला तर कोपरे फुटके राहतात आणि मग पुट्टी शोधत बसावं लागतं.

पहिले दोन रविवार कपाटाचं नाव काढू नका. पॅकिंगच्या पाइनच्या फळ्या आणा, रबाळे-तुर्भ्याकडे भंगारात मिळतात. आणल्यावर लोहचुंबक फिरवून खिळे शोधा, कारण कार्बाइडला खिळा लागला की बिट गेलंच. टेबलाला फळी दोन शिकंज्यांनी आवळा. एक शिकंजा पुरत नाही, फळी त्याच्याभोवती फिरते. गोलाईचं बिट लावून दोन मिलिमीटर, मग चार, मग सहा, असं तीन हातांत कडा गोल करत राहा. आवाज ऐका. बरोबर सरकत असाल तर एकसुरी गुणगुण येते आणि भुसा नसून बारीक सालं उडतात. आवाज चढला तर तुम्ही थांबताय. दबला तर फार खोल किंवा फार जोरात जाताय. ही गुणगुण ओळखीची झाली की निम्मं काम झालं.

मग खोबण, कारण तुमच्या कपाटाच्या फळ्या खोबणीतच बसणार. खोबण पाडताना बिटाच्या दोन्ही बाजूंना लाकूड असतं. मशीन तुमच्यापासून लांब ढकललंत तर ते डावीकडे झुकतं. म्हणून सरळ पट्टी नेहमी डाव्या हाताला बांधायची. मशीन स्वतःहून पट्टीला चिकटून चालेल. पट्टी उजवीकडे बांधलीत तर पूर्ण लांबीभर तुम्ही मशीनशी भांडणार, आणि एका क्षणाला हरणार.

पट्टी म्हणून मी प्लायचा टी वापरतो. एक हातभर लांब सरळ तुकडा, त्याला काटकोनात खाली आडवा तुकडा, गुण्यानं तपासून गोंद आणि स्क्रूनं पक्का केलेला. आडवा तुकडा फळीच्या कडेला टेकला की उभा तुकडा आपोआप काटकोनात येतो. पहिल्या वेळी त्याच बिटानं खोबण पाडताना तो आडवा तुकडाही कापू द्या. त्यात जी खाच पडते ती यापुढे तुमची खूण. पुढच्या प्रत्येक खोबणीला पेन्सिलची रेघ त्या खाचेशी जुळवली की बिट तिथेच पडणार. बेसच्या कडेपासून बिटापर्यंतचं अंतर मोजायची भानगड उरत नाही. बिट बदललं तर टी नवा करा. तुकडे फुकट असतात. आणि जुन्या मशीनचा गोल बेस बिटाशी तंतोतंत मध्यावर असेलच असं नाही, म्हणून बेसच्या कडेवर मार्करनं एक ठिपका द्या आणि तोच ठिपका पट्टीला लावून चालवा.

आता रुंदी. १८ चा म्हणून विकलेला प्लाय मोजलात तर कधी साडेसतरा भरतो, कधी अठराच्या वर. दोन्ही बाजूंना एक मिलिमीटरचा सनमायका लागला की वीसपर्यंत जातो. त्यामुळे १८ चं बिट घेऊन एका हातात खोबण पाडायचा मोह टाळा, फळी एक तर सैल बसेल किंवा बसणारच नाही. १२ चं बिट दोनदा चालवा. समजा फळी १७.४ भरली. वजा १२, उरले ५.४. तेवढ्या जाडीची एक सुटी, पट्टीएवढी लांब चीप तयार करा. मी चार मिलिमीटरच्या प्लायला सनमायक्याच्या पट्ट्या चिकटवून ती जाडी गाठतो. पहिल्या हाताला ही चीप पट्टी आणि मशीनच्या बेसमध्ये ठेवा, दुसऱ्या हाताला काढून टाका. मशीन ५.४ नं डावीकडे सरकतं आणि खोबण बरोबर फळीच्या मापाची होते. क्रम हाच ठेवा. आधी चिपेशिवाय आणि मग चिपेसह गेलात तर दुसऱ्या वेळी उजवी भिंत कापली जाते, ती पळण्याची दिशा आहे.

खोली सहा मिलिमीटर पुरे, तीन-तीनच्या दोन टप्प्यांत. कपाटाच्या दोन्ही उभ्या बाजू शेजारी शेजारी ठेवून, वरच्या कडा एका रेषेत आणून एकत्र आवळा आणि खोबणी दोन्हींवरून एकदमच पाडा. वेगवेगळ्या पाडल्यात तर मापात मिलिमीटरभर चूक होईल आणि पुस्तकांची रांग कायमची उताराला लागेल. जिथून बिट बाहेर पडतं त्या कडेला प्लायचा एक फालतू तुकडा दाबून आवळा. फुटायचं ते तो फुटेल.

काही गोष्टी मात्र तुमच्या घरावर अवलंबून आहेत, त्या मी इथून ठरवू शकत नाही. सोळाशे वॉटचं मशीन सात अँपिअरच्या आसपास घेतं. हॉलमधला साधा ६ अँपिअरचा पॉइंट त्यासाठी नाही, गीझर किंवा वॉशिंग मशीनचा १६ चा हवा. एक्स्टेन्शन लागलंच तर अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेचं, आणि गुंडाळी पूर्ण उलगडून. आवाज नव्वद डेसिबलच्या पुढे जातो. तुमच्या कानाला मफ आणि शेजाऱ्यांना पूर्वसूचना. निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, तेव्हा कोणी तक्रार केली तर बाजू तुमची नाही. माझ्याकडे येणारे दोन-तीन हौशी लोक कापाकापी ओळखीच्या गाळ्यात करतात आणि जोडणी घरी. ते मला शहाणपणाचं वाटतं.

धुळीबाबत मात्र अवलंबून वगैरे काही नाही. लाकडाची धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ सालीच कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकलीय, नाक आणि सायनसच्या कर्करोगासाठी. एन ९५ मास्क, चष्मा, आणि काम झाल्यावर झाडू न मारता ओलं पुसणं. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी, बंद खोलीत कापूच नका. हातमोजे घालायचे नाहीत, फिरत्या बिटानं कापड पकडलं की बोट मागोमाग जातं. मनगटावरची राखी, गंडा, सैल कडं काढून ठेवा. आणि तुम्ही आयटीवाले, ती गळ्यातली ऑफिसच्या कार्डाची दोरीही.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मनात असेल: याऐवजी छोटा ट्रिमर, म्हणजे राऊटरचाच धाकटा भाऊ, घेतला असता तर बरं झालं असतं का? कडा गोल करायला आणि सनमायका छाटायला, हो. दीड किलोच्या आसपासचं मशीन एका हातात मावतं आणि शिकायला सोपं जातं. खोबणींसाठी तुमचा थोराडच बरा, त्याचं वजनच त्याला स्थिर ठेवतं. पुढे कधी त्याला टेबलाखाली उलटा टांगलात तर तो आणखी कामाचा होईल. तेव्हा दिशा उलटी होते, लाकूड उजवीकडून डावीकडे सरकवायचं. आणि बिट व आधारपट्टी यांच्या मधल्या फटीतून लाकूड कधी घालायचं नाही. पण ते पुढच्या वर्षीचं बोलणं.

सध्या मशीन पलंगाखाली आहे म्हणालात, आणि ऐरोलीची खाडीची हवा मला माहीत आहे. आज संध्याकाळी बाहेर काढा. बिट आत असेल तर सोडवा, दांड्यावर काळं कडं आहे का बघा, असेल तर नवी कॉलेट येईपर्यंत प्लग लावू नका. नसेल तर बिटांना मशीन ऑइलचा हात पुसा, कॉलेटचा नट दोन आट्यांवर सैल ठेवा, प्लंज वर सोडून द्या म्हणजे स्प्रिंग दबलेल्या राहणार नाहीत, आणि मशीन झाकणाच्या प्लास्टिकच्या पेटीत ठेवा, तळाला बुटांच्या खोक्यातून निघालेल्या सिलिका जेलच्या चार पुड्या टाकून.